गाझेत द्यू बाँ ताँ

फ्रान्समधील एक उच्चभ्रू, सचित्र व कलात्मक वेशभूषाविषयक नियतकालिक. ल्यूस्यँ व्होझेल (१८८६–१९५४) या प्रकाशकाने ते नोव्हेंबर १९१२ मध्ये पॅरिस येथे सुरू केले. पहिल्या महायुद्धामुळे त्याच्या प्रकाशनात काही वर्षांचा खंड पडला. १९२० मध्ये ते पुन्हा निघू लागले आणि १९२५ मध्ये कायमचे बंद झाले. ‘बाँ ताँ’ म्हणजे सुसंस्कृत समाजाला शोभणारी अभिरुची व रीतभात. त्यावरून ‘सदभिरुचीचे वृत्तपत्र’ असा या नावाचा स्थूल अर्थ होतो. कला, फॅशन आणि हलक्याफुलक्या गोष्टी हे आपले विषय असल्याचे नियतकालिकाच्या उपशीर्षकातच सांगितलेले असे. त्याचे आयुष्य अल्प आणि वाचकवर्ग मूठभर होता. तरीही विसाव्या शतकातील चित्रकला, मुद्रणकला आणि वेशभूषा या तिन्हींच्या इतिहासात त्याला स्थान मिळाले आहे. पोशाखाचे चित्र ही केवळ विक्रीची जाहिरात, की स्वतंत्र कलाकृती, आणि असे चित्र काढणारा चित्रकार पोशाख शिवणाऱ्याला कितपत बांधील असावा, हे प्रश्न या नियतकालिकाने आपल्या पानांतून प्रत्यक्ष सोडवून पाहिले. त्याचे यश आणि त्याचा अंत ही दोन्ही या प्रयत्नाशी निगडित आहेत.

पार्श्वभूमी : वेशभूषेची माहिती देणाऱ्या नियतकालिकांची परंपरा फ्रान्समध्ये जुनी आहे. सतराव्या शतकात निघालेल्या मर्क्यूर गालाँ या पत्रात दरबारी वार्तांबरोबर नव्या पोशाखांचीही वर्णने येत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या तोंडावर, १७८५ मध्ये, काबीने दे मोद हे सर्वस्वी वेशभूषेला वाहिलेले नियतकालिक निघाले. पुढे झुर्नाल दे दाम ए दे मोद (१७९७–१८३९) या पत्राने ताम्रपटावर कोरून छापलेली आणि हाताने रंगविलेली चित्रे घरोघर पोहोचविली. एकोणिसाव्या शतकात वाचकसंख्या वाढली, तशी ही चित्रे अधिकाधिक साचेबंद होत गेली. दोन-तीन स्त्रिया दिवाणखान्यात किंवा बागेत उभ्या आहेत आणि त्यांच्या झग्यांवरील झालरी व फिती मोजता येतील इतक्या बारकाईने दाखविल्या आहेत, असा त्यांचा ठरीव थाट असे. त्यांचा उपयोग मुख्यतः गावोगावच्या शिंप्यांना होई. चित्रकाराचे नाव ग्राहकाच्या दृष्टीने गौण होते.

शतकाच्या अखेरीस शिलामुद्रण आणि छायाचित्रांचे हाफटोन ठसे यांमुळे चित्रे स्वस्त झाली. १९०१ पासून निघणाऱ्या ले मोद या मासिकात छायाचित्रांचा भरपूर वापर होऊ लागला. छायाचित्रात पोशाख जसा असेल तसा दिसे. परंतु त्या काळच्या छपाईत वस्त्राचा रंग आणि पोत हरवत असे.

याच काळात पोशाख तयार करणाऱ्यांचे सामाजिक स्थानही बदलत होते. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ (१८२५–९५) या मूळच्या इंग्रज वेशकाराने १८५८ च्या सुमारास पॅरिसमध्ये स्वतःचे पोशाखगृह उघडले. तोपर्यंत शिंपी गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून कपडे शिवी. वर्थ स्वतः नमुना ठरवी आणि गिऱ्हाईक त्यातून निवड करी. वेशकार हा कारागीर नसून कलावंत आहे, या कल्पनेचा उगम येथे आढळतो. ती कल्पना पॉल प्वारे (१८७९–१९४४) याने टोकाला नेली. त्याने स्त्रियांच्या पोशाखातून आवळ काचोळीला फाटा दिला, सरळ खाली उतरणाऱ्या सैल रेषेचा पुरस्कार केला आणि गडद, झळझळीत रंग वापरले. आपले पोशाख साचेबंद चित्रांत मावणार नाहीत हे ओळखून त्याने १९०८ मध्ये पॉल इरीब (१८८३–१९३५) याच्याकडून आणि १९११ मध्ये झॉर्झ लपाप (१८८७–१९७१) याच्याकडून दोन चित्रसंग्रह करवून घेतले. सपाट रंग, मोजकी रेषा आणि मोकळी पार्श्वभूमी ही त्यांतील चित्रांची वैशिष्ट्ये होती. गाझेतच्या चित्रशैलीचे बीज या दोन संग्रहांत आहे.

स्थापना : व्होझेल हा हेर्मान फोगेल या पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन चित्रकाराचा मुलगा. पुस्तकांची मांडणी, अक्षरजुळणी आणि छपाई यांची त्याला उत्तम जाण होती. आर ए देकोरास्याँ या कलाविषयक मासिकाचे संपादन तो करीत असे. या मासिकाच्या एप्रिल १९११ च्या अंकासाठी त्याने एडवर्ड स्टायकेन (१८७९–१९७३) या अमेरिकन छायाचित्रकाराकडून प्वारेच्या पोशाखांची छायाचित्रे काढविली. आधुनिक फॅशन-छायाचित्रणाचा आरंभ अनेक अभ्यासक या छायाचित्रांपासून मानतात. पुढच्याच वर्षी मात्र व्होझेलने जे नियतकालिक काढले, त्यात त्याने कॅमेऱ्याऐवजी कुंचल्याची निवड केली. ही निवड अज्ञानातून आलेली नव्हती. छायाचित्राचे सामर्थ्य त्याने स्वतः पाहिले होते. वस्तूची नोंद करणे हे कॅमेऱ्याचे काम आणि तिचा भाव टिपणे हे चित्रकाराचे, असा भेद त्यामागे असावा.

नव्या नियतकालिकासाठी व्होझेलने पॅरिसमधील सात अग्रगण्य पोशाखगृहांशी करार केले. शेरुई, दये, दूसे, पाकँ, प्वारे, रेडफर्न आणि वर्थ ही ती सात गृहे होत. आपल्या निवडक नव्या पोशाखांच्या चित्रणाचा अनन्य हक्क या गृहांनी गाझेतला दिला. पहिल्या अंकाची प्रस्तावना आंरी बिदू या पत्रकाराने लिहिली. वेशभूषा कलेच्या पदवीला पोहोचली असेल, तर तिचे वृत्त देणारे पत्रही कलेचेच पत्र झाले पाहिजे, असा तिचा आशय होता. वार्षिक वर्गणी १०० फ्रँक होती. त्या काळी ही रक्कम मोठी होती आणि केवळ वर्गणीदारांनाच अंक मिळत. जुन्या झुर्नाल दे दाम ए दे मोद या नावाचे एक पत्र आणि मोद ए मानियेर दोझुर्दुई ही चित्रमालिका हीदेखील १९१२ मध्येच सुरू झाली. मात्र चित्रे, लेख आणि पोशाखगृहांचा सहभाग यांची सांगड गाझेतइतकी कोणाला साधली नाही.

अंकाचे स्वरूप : अंक मध्यम आकाराचा, सुमारे २५ सेंमी. उंचीचा असे. त्यासाठी हातकागदासारखा जाड, रेघाळ पोताचा कागद वापरीत. मजकुराकरिता झॉर्झ पेन्यो याच्या ओतशाळेने तयार केलेला ‘कोशँ’ हा नवा टंक प्रथमच वापरण्यात आला. अठराव्या शतकातील फ्रेंच ताम्रपटांवरील अक्षरांवरून घडविलेला हा टंक नाजूक आणि काहीसा जुन्या वळणाचा आहे. आधुनिक चित्रे आणि जुन्या घाटाची अक्षरे यांच्या मेळातून गाझेतच्या पानांना स्वतःचे रूप आले. आपण फ्रेंच अभिरुचीच्या अखंड परंपरेचे वारस आहोत, हे त्याला सुचवायचे होते.

प्रत्येक अंकात स्वतंत्र पानांवर दहा रंगीत चित्रे द्यावयाची, अशी मूळ योजना होती. त्यांपैकी सात चित्रांत करारबद्ध पोशाखगृहांचे पोशाख असत. उरलेल्या तीन चित्रांतील पोशाख मात्र कोणत्याही गृहाने शिवलेले नसत. ते चित्रकारांनी स्वतः कल्पिलेले असत. नियतकालिकाच्या इतिहासातील ही सर्वांत अर्थपूर्ण तरतूद म्हणता येईल. चित्रकार हा पोशाखगृहाचा नोकर नसून त्याच्या बरोबरीचा निर्माता आहे, हे तत्त्व तिने अंकाच्या रचनेतच मान्य केले. याशिवाय काही पानांवर साध्या रेखाटनांतून पोशाखांचे आणखी नमुने दाखवीत.

चित्राखाली पोशाखाचे नाव तर येईच, पण त्याच्या आधी एखादे छोटेसे वाक्य किंवा उद्गार शीर्षक म्हणून दिलेला असे. लपापने रंगविलेल्या, प्वारेच्या नाट्यगृहात घालावयाच्या अंगरख्याच्या एका प्रसिद्ध चित्राचे शीर्षक ‘मी वेळेआधीच आले की काय?’ अशा अर्थाचे आहे. नाट्यगृहात लवकर येऊन पोहोचलेली एकटी स्त्री, तिचा संकोच आणि त्या संकोचात दडलेली ऐट असा एक प्रसंगच त्यातून उभा राहतो. पोशाखाला कथा जोडण्याची ही रीत पुढे जाहिरातीच्या व्यवसायाने सर्रास उचलली.

मजकुराची बाजू झां लुई व्होदुआये, मार्सेल बुलांझे यांसारख्या लेखकांनी सांभाळली. टोप्या, हातमोजे, पंखे, नाटके, नृत्य, सहली अशा विषयांवर ते खेळकर निबंध लिहीत. त्यांत शिवणकामाच्या सूचना नसत आणि बाजारभावही नसत. वाचक हा पोशाख विकत घेण्याइतका धनवान आणि त्याविषयी न बोलण्याइतका सुसंस्कृत आहे, असे गृहीत धरलेले असे.

पोश्वार तंत्र : गाझेतच्या चित्रांची ख्याती प्रामुख्याने त्यांच्या रंगांमुळे झाली. हे रंग यंत्राने छापलेले नसून ‘पोश्वार’ या पद्धतीने प्रत्येक प्रतीवर हाताने भरलेले असत. भिंतीवर वेलबुट्टी उमटविताना रंगारी जो कोरीव पत्रा वापरतात, त्याच तत्त्वावर ही पद्धत आधारलेली आहे. प्रथम चित्रकाराच्या मूळ चित्रावरून बाह्यरेषा छापून घेत. नंतर कुशल कारागीर मूळ चित्रातील रंगांचे पृथक्करण करून प्रत्येक रंगासाठी जस्ताचा, तांब्याचा किंवा अन्य धातूचा पातळ पत्रा कापी. हा पत्रा छापील रेषांवर नेमका बसवून, गोल व आखूड केसांच्या कुंचल्याने त्याच्या मोकळ्या भागांतून जलरंग किंवा अपारदर्शक रंग लावीत. एक रंग वाळल्यावर दुसरा पत्रा चढविला जाई. गुंतागुंतीच्या चित्रास तीस किंवा त्याहून अधिक पत्रे लागत. सोनेरी व रुपेरी रंगांचाही उपयोग केला जाई.

या पद्धतीत रंग कागदावर साय धरल्यासारखा दाट बसतो. त्याला किंचित उठाव येतो आणि कुंचल्याच्या हालचालीचा माग राहतो. यांत्रिक छपाईतील बारीक ठिपके त्यात नसतात. त्यामुळे प्रत्येक प्रत जवळजवळ मूळ चित्रासारखी भासते आणि कोणत्याही दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात. सपाट रंगक्षेत्रे व स्पष्ट कडा यांची आवड असलेल्या त्या पिढीच्या चित्रकारांना हे तंत्र अतिशय मानवले. जपानी रंगीत ठसेचित्रांची आणि कापडछपाईसाठी जपानी कारागीर वापरीत असलेल्या कोरीव कागदांची ओळख युरोपला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली होती. तिचाही हातभार येथे लागला. झां सोदे या निष्णात कारागिराने १९२५ मध्ये या तंत्रावर एक सविस्तर ग्रंथ लिहिला. परंतु सोदेसारखे अपवाद वगळता, ज्यांच्या हातांनी हे रंग भरले त्या कारागिरांची नावे इतिहासात राहिलेली नाहीत. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असे आणि खाली पोशाखगृहाचे नाव असे. रंग भरणारा अनामच राही.

चित्रकार : गाझेतभोवती जमलेले बहुतेक चित्रकार तिशीच्या आसपासचे होते आणि त्यांपैकी अनेक जण पॅरिसच्या कलाशिक्षणसंस्थेत एकत्र शिकले होते. बर्नार बूते द माँव्हेल (१८८१–१९४९) आणि प्येर ब्रिसो (१८८५–१९६४) हे तर नात्याने बंधू होते. नीटनेटकी राहणी, उंची कपडे आणि मनगटावरचे कडे यांमुळे या मंडळींना ‘कंकणधारी सरदार’ असे गमतीचे नाव पडले होते. एकाच नियतकालिकात काम करूनही प्रत्येकाची शैली निराळी होती. लपापची रेषा लवचिक आणि विनोदाकडे झुकणारी आहे. झॉर्झ बार्ब्ये (१८८२–१९३२) याच्या चित्रांत ग्रीक कलशांवरील आकृत्या, इराणी लघुचित्रे आणि अठराव्या शतकातील फ्रेंच विलासी वातावरण यांचा संगम दिसतो. शार्ल मार्तँ (१८८४–१९३४) याची चित्रे भूमितीय आणि काहीशी खट्याळ आहेत. आंद्रे एद्वार मार्ती (१८८२–१९७४) याने बागेतील, समुद्रकाठच्या व घरगुती प्रसंगांतील हळवेपणा टिपला. ब्रिसोच्या चित्रांत संपन्न कुटुंबांचे दैनंदिन जीवन येते. युद्धोत्तर काळात एदुआर्दो गार्सिया बेनितो (१८९१–१९८१) हा स्पॅनिश चित्रकार, तसेच मादलेन व्ह्योने हिच्या पोशाखांची चित्रे काढणारा तायात (१८९३–१९५९) हा इटालियन चित्रकार यांनी घनवादाशी नाते सांगणारी कोनाकृती शैली आणली. राऊल द्यूफी (१८७७–१९५३) याच्या वस्त्राकृतींनाही गाझेतमध्ये स्थान मिळाले.

पौर्वात्य प्रभाव : द्यागिल्येव्हच्या रशियन बॅले संघाने १९०९ पासून पॅरिसला वेड लावले होते. शेहेराझाद (१९१०) आणि भारतीय पुराणकथेचा आभास निर्माण करणारे ल द्य ब्ल (१९१२) या नृत्यनाट्यांतील लेओन बाक्स्ट याची वेशभूषा आणि नेपथ्य यांचे पडसाद गाझेतच्या पानोपानी उमटलेले दिसतात. सैल विजारी, झिरझिरीत अंगरखे, पिसे खोवलेली पागोटी आणि जमिनीवरच्या गाद्या-उशा यांची त्यांत रेलचेल आहे. प्वारेने आपल्या आठवणींत (१९३०) बाक्स्टचा प्रभाव नाकारला आहे; परंतु लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात भारतीय पागोटी पाहून आपण भारावून गेलो आणि त्यांच्या बांधणीचा अभ्यास करविला, असे त्यातच नमूद केले आहे. अर्थात या चित्रांतील पूर्व ही प्रत्यक्ष पूर्व नव्हे. भारत, इराण, तुर्कस्तान आणि चीन यांतील तपशिलांची त्यांत मनसोक्त सरमिसळ झालेली असून ती पॅरिसच्या दिवाणखान्यातील एक स्वप्नसृष्टी होती.

या वर्तुळाचा भारताशी एक प्रत्यक्ष संबंधही पुढे आला. इंदूर संस्थानचे अधिपती यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी बूते द माँव्हेलकडून आपली व्यक्तिचित्रे करवून घेतली. १९२९ च्या चित्रात ते पाश्चात्त्य पद्धतीच्या रात्रीच्या पोशाखात आहेत. त्यानंतर काही वर्षांनी रंगविलेल्या दुसऱ्या चित्रात ते शुभ्र मराठेशाही पोशाख व पगडी घालून बसलेले आहेत. कागलच्या घाटगे घराण्यातील त्यांच्या पत्नी संयोगिताबाई यांचीही चित्रे त्याने काढली. मोजकी रेषा, रिकामी पार्श्वभूमी आणि पोशाखाच्या घडीला दिलेले शिल्पासारखे महत्त्व हे गाझेतच्या काळात घडलेले गुण या व्यक्तिचित्रांत स्पष्ट दिसतात. कल्पनेतील पूर्वेचे चित्रण करणाऱ्या पिढीतील एका चित्रकारासमोर येथे खरा मराठी पोशाख होता. त्याने तो कोणतीही अतिरंजित सजावट न करता रंगविला, हे लक्षणीय आहे.

महायुद्धाचा काळ : ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि गाझेतचे नियमित प्रकाशन खंडित झाले. अनेक चित्रकार, लेखक व मुद्रक सैन्यात दाखल झाले. बूते द माँव्हेल याने हवाई दलात काम केले. कोशँ टंकाचा प्रवर्तक झॉर्झ पेन्यो १९१५ मध्ये रणांगणावर मरण पावला. त्याचे तीन भाऊही या युद्धात कामी आले आणि पॅरिसमधील एका रस्त्याला या चार भावांचे नाव देण्यात आले.

वेशभूषेच्या व्यवसायापुढेही मोठे संकट होते. पॅरिसच्या पोशाखगृहांची अमेरिका ही मोठी बाजारपेठ. परंतु तेथे पॅरिसच्या नमुन्यांची बिनदिक्कत नक्कल होत असे. १९१३ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलेल्या प्वारेला आपल्या नावाच्या खोट्या पट्ट्या लावलेले कपडे दुकानांत विक्रीला ठेवलेले आढळले. परतल्यावर, १९१४ मध्ये, नक्कल रोखण्यासाठी वेशकारांची एक संघटना स्थापन करण्यात त्याने पुढाकार घेतला. तोच युद्ध सुरू झाले. नोव्हेंबर १९१४ मध्ये व्होग या अमेरिकन नियतकालिकाने न्यूयॉर्क येथे युद्धपीडितांच्या मदतीसाठी स्थानिक वेशकारांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. पॅरिसशिवायही फॅशन चालू शकते, असा त्याचा अर्थ होऊ शकत होता. त्यामुळे फ्रेंच वेशकार अस्वस्थ झाले. व्होगचा मालक काँडे नॅस्ट (१८७३–१९४२) याला त्यांची समजूत घालावी लागली.

या पार्श्वभूमीवर १९१५ च्या उन्हाळ्यात गाझेतचा एक विशेषांक निघाला. सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा–पॅसिफिक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात पाठविलेल्या फ्रेंच पोशाखांना तो वाहिलेला होता आणि त्याच्या प्रकाशनात नॅस्टचा सहभाग होता. शत्रू फ्रान्सच्या भूमीवर उभा असतानाही पॅरिसची सुई थांबलेली नाही, हे अमेरिकन ग्राहकांना पटविणे हा त्याचा हेतू होता. ‘हलक्याफुलक्या गोष्टीं’चे म्हणवून घेणारे नियतकालिक येथे एका राष्ट्रीय उद्योगाचे मुखपत्र झाले. त्याच्या स्वतंत्र बाण्याला पडलेली पहिली मोठी मुरडही येथेच दिसते. कारण यापुढे अमेरिकन भांडवलाशी जडलेला त्याचा संबंध सुटला नाही.

पुनरारंभ व अखेर : जानेवारी १९२० पासून गाझेत पुन्हा निघू लागले. अमेरिकेत नॅस्टच्या संस्थेमार्फत त्याचे वितरण गाझेत द्यू बाँ झान्र या नावाने होत असे. लांव्हँ, व्ह्योने, बेर यांसारखी पोशाखगृहे आता त्यात झळकू लागली. चित्रांचा दर्जा टिकून होता, पण भोवतालचे जग बदलले होते. स्त्रियांनी केस कापले होते. झगे आखूड व साधे झाले होते. हा बदल शार्ल मार्तँच्या एका चित्रसंग्रहात फार चांगला दिसतो. खेळ आणि करमणुकी या विषयावरील हा संग्रह व्होझेलने १९१४ मध्ये योजिला होता आणि त्यासाठी एरिक साती (१८६६–१९२५) या संगीतकाराकडून पियानोच्या छोट्या रचना करून घेतल्या होत्या. युद्धामुळे तो रखडला. १९२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा मार्तँला सर्व चित्रे नव्याने काढावी लागली होती. आठ-नऊ वर्षांपूर्वीचे पोशाख दुसऱ्याच युगातील वाटू लागले होते.

युद्धोत्तर चलनवाढीमुळे हातकागद आणि हाताचे रंगकाम न परवडणारे होऊ लागले. १९२० मध्ये व्होगची फ्रेंच आवृत्ती सुरू झाली. व्होझेलची पत्नी कोझेत द ब्र्यूनॉफ हीच तिची पहिली संपादिका होती. गाझेतचे अनेक चित्रकार व्होगची मुखपृष्ठे रंगवू लागले. १९२३ मध्ये नॅस्टने स्टायकेनला आपल्या नियतकालिकांचा मुख्य छायाचित्रकार नेमले. बारा वर्षांपूर्वी व्होझेलनेच ज्याच्या हाती प्वारेचे पोशाख सोपविले होते, त्या छायाचित्रकाराच्या कामाने आता चित्रकारांची जागा घेण्यास आरंभ केला. अखेर १९२५ मध्ये गाझेत बंद होऊन व्होगमध्ये विलीन झाले. त्याच वर्षी पॅरिस येथे सजावटकलांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. ज्या शैलीला पुढे ‘आर्ट डेको’ हे नाव मिळाले, तिचा हा मोठा सोहळा होता. ती शैली घडविण्यात ज्या नियतकालिकाचा वाटा होता, ते मात्र तिच्या विजयाच्या वर्षीच संपले. या प्रदर्शनासाठी सीन नदीवर तीन शृंगारलेल्या नौका उभ्या करणारा प्वारे कर्जबाजारी झाला आणि १९२९ मध्ये त्याचे पोशाखगृहही बंद पडले.

व्होझेलने काळाची दिशा ओळखली. त्याने १९२८ मध्ये व्ह्यू हे छायाचित्रप्रधान साप्ताहिक सुरू केले. युरोपातील राजकीय घडामोडींचे सचित्र वृत्तांकन करणाऱ्या या साप्ताहिकाने छायाचित्र-पत्रकारितेला नवे वळण दिले. स्पेनमधील यादवी युद्धावरील विशेषांकानंतर १९३६ मध्ये व्होझेलला ते सोडावे लागले.

मूल्यमापन : गाझेत द्यू बाँ ताँ हे स्वतंत्र नियतकालिक होते असे म्हणताना त्या शब्दाच्या मर्यादा ध्यानात घ्यावयास हव्यात. ते आरंभी कोणत्याही मोठ्या वृत्तपत्रसंस्थेच्या मालकीचे नव्हते, हे खरे. परंतु ज्या सात पोशाखगृहांविषयी ते लिहीत असे, त्यांच्याच सहकार्यावर ते उभे होते. या गृहांच्या पोशाखांवर टीका त्यात आढळत नाही. पोशाख शिवणाऱ्या कामगार मुलींचे दीर्घ तास व तुटपुंजी मजुरी यांचाही उल्लेख त्यात जवळजवळ येत नाही. वर्गणीची रक्कमच वाचकवर्ग ठरवीत असल्यामुळे सामान्य स्त्रीच्या वेशभूषेला त्यात स्थान नव्हते. त्याने मिळविलेले स्वातंत्र्य हे मताचे नव्हते, तर दृष्टीचे होते. पोशाख कसा दिसतो हे ठरविण्याचा अधिकार त्याने चित्रकाराला दिला.

या अधिकाराचा एक अनपेक्षित व्यावहारिक लाभही होता. गाझेतच्या चित्रावरून पोशाखाची ऐट कळे, पण कापडाचे काप आणि शिवणी कळत नसत. त्यामुळे नक्कल करणाऱ्याच्या हाती फारसे काही न देता पोशाखगृहांना आपली कीर्ती पसरविता येई. कलेचा आदर आणि व्यापाराची सावधगिरी अशा प्रकारे एकाच चित्रात नांदत होती. वेशभूषेचा काटेकोर इतिहास लिहिणाऱ्यास हीच गोष्ट अडचणीची ठरते. प्रत्यक्ष पोशाख जतन झालेला नसेल, तर केवळ या चित्रांवरून त्याची घडण सांगता येत नाही.

पुढील काळात गाझेतच्या अनेक खंडांची वाताहत झाली. चित्रे सुटी करून विकण्यात अधिक पैसा असल्यामुळे व्यापाऱ्यांनी बांधलेले खंड उसवले. चित्रे चौकटींत जाऊन बसली आणि त्यांच्या सोबतचे निबंध, रेखाटने व अक्षररचना दुर्लक्षित झाल्या. ज्या नियतकालिकाने कागद, टंक, मजकूर आणि चित्र यांचा मेळ हेच आपले वैशिष्ट्य मानले, त्याची स्मृती अशा रीतीने सुट्या पानांतून टिकली. अखंड संच आज संग्रहालयांतून व ग्रंथालयांतून जतन केलेले आहेत. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये त्यातील चित्रांचा संग्रह आहे.

मर्यादित प्रती, उंची कागद, स्वतःची टंकरचना आणि कलावंताला मोकळीक ही गाझेतने घालून दिलेली सूत्रे पुढेही पुन्हा पुन्हा वापरली गेली. फ्लर काउल्स हिने अमेरिकेत काढलेले फ्लेअर (१९५०–५१) हे कोरीव मुखपृष्ठांचे मासिक जेमतेम एक वर्ष चालले. खर्चाचा मेळ न बसल्याने ते बंद करावे लागले. न्यूयॉर्क येथे १९९१ मध्ये सुरू झालेल्या व्हिजनेअर या प्रकाशनाने प्रत्येक अंक ही एक स्वतंत्र संग्राह्य वस्तू मानली. अशा नियतकालिकांचे आयुष्य बहुधा थोडे असते, कारण त्यांचा दर्जा टिकविण्याचा खर्च त्यांच्या वाचकांच्या संख्येला पेलत नाही. मोठ्या खपाची नियतकालिके त्यांच्याकडून कल्पना आणि कलावंत घेतात आणि बहुधा शेवटी त्यांनाही सामावून घेतात. गाझेत द्यू बाँ ताँ हे या क्रमाचे विसाव्या शतकातील आद्य आणि आजही सर्वांत सुंदर मानले जाणारे उदाहरण होय.